६-४ म्हणजे नेमकं किती? एसईसी आणि बिग टेनचा आमनेसामनेचा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्न विचारणारा मुलगा अटलांटात एमएस करतो. त्याचे दोन रूममेट आहेत, एक ओहायोचा आणि एक अलाबामाचा. शनिवारी कॉलेज फुटबॉल (अमेरिकन फुटबॉल, पायाने खेळायचा तो नव्हे) लागलं की एसईसी भारी की बिग टेन, म्हणजे विद्यापीठ-संघांचा कोणता गट भारी, यावरून घरात जुंपते. दोघेही फोनवर आमनेसामनेचे आकडे काढून दाखवतात. आकडे जुळत नाहीत आणि गंमत म्हणजे दोघांचेही खोटे नसतात. मग दोन कॉन्फरन्सचं एकमेकांविरुद्धचं रेकॉर्ड मोजायचं तरी कसं?

आधी माझा पक्ष सांगून टाकतो. माझं शिक्षण मिडवेस्टात झालं, म्हणजे मीठ बिग टेनचं खाल्लंय. पोटापाण्यासाठी संख्याशास्त्र करतो आणि पंधरा-सोळा वर्षं या सामन्यांची एक शीट ठेवली आहे. सुरुवातीला तिच्यात चार रकाने होते: तारीख, हा संघ, तो संघ, स्कोअर. आता एकोणीस झालेत. त्यातला प्रत्येक नवा रकाना कुठल्या ना कुठल्या वादात तोंडघशी पडल्यावर घातलेला आहे.

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी एवढंच, की कॉन्फरन्स म्हणजे विद्यापीठांचा गट. बहुतेक सामने गटातल्या गटात होतात आणि तीन-चार बाहेरच्यांशी. बिग टेन १८९६ ची, मिडवेस्टातली. नावात दहा असले तरी २०२४ पासून तिच्यात अठरा संघ आहेत. एसईसी १९३२ ची, दक्षिणेतली, आता सोळा संघांची. हंगाम संपल्यावर डिसेंबर-जानेवारीत जे आमंत्रणाचे सामने होतात ते बाऊल, आणि विजेतेपदासाठी वेगळा प्लेऑफ.

आकडे न जुळण्याचं पहिलं कारण सामन्यात नसतंच, ते सभासदांच्या यादीत असतं. पालघर जिल्हा २०१४ साली ठाण्यातून वेगळा झाला. त्याआधी वसईच्या एखाद्या शाळेने कबड्डीत ठाणे जिल्ह्यासाठी ढाल आणली असेल, तर ती आज कुणाच्या कपाटात मोजायची? अमेरिकेत हा घोळ दर काही वर्षांनी होतो. आर्कान्सा १९९२ साली एसईसीत खेळू लागलं, पेन स्टेट १९९३ साली बिग टेनमध्ये, नेब्रास्का २०११ साली. मिसुरी आणि टेक्सस ए अँड एम २०१२ साली एसईसीत गेले. २०२४ साली तर टेक्सस आणि ओक्लाहोमा एसईसीत, आणि पश्चिम किनाऱ्यावरचे यूएससी, यूसीएलए, ओरेगन, वॉशिंग्टन हे चौघे बिग टेनमध्ये.

आता ४ जानेवारी २००६ ची रोझ बाऊल घ्या. टेक्सस ४१, यूएससी ३८. ज्यांनी तो सामना पाहिलाय ते अजून त्याच्याबद्दल बोलतात. त्या रात्री तो बिग १२ विरुद्ध पॅक-१० होता, म्हणजे दोन वेगळ्याच कॉन्फरन्सचा. आजची सभासद यादी लावली की तोच सामना एसईसीने बिग टेनवर मिळवलेला विजय ठरतो. त्या रात्री स्टेडियममध्ये या दोन्ही कॉन्फरन्सचा एकही संघ नव्हता! १२ सप्टेंबर १९७० चा बर्मिंगहॅमचा सामनाही तसाच. यूएससीने अलाबामाला तिथे ४२-२१ हरवलं. सॅम कनिंगहॅम या कृष्णवर्णीय खेळाडूने १३५ यार्ड पळून दोन टचडाउन (चेंडू गोलरेषेपार नेणं, सहा गुण) केले, समोर अलाबामाच्या बाजूने सगळे गोरे. दक्षिणेच्या इतिहासातला हा महत्त्वाचा दिवस आजच्या यादीने मोजला की 'बिग टेन: १' एवढाच उरतो.

माझं मत स्पष्ट आहे. सामना झाला त्या दिवशी जो संघ जिथे होता, तिथेच तो मोजायचा. आजच्या यादीने मागचं मोजणं म्हणजे सून घरात आल्यावर तिचे दहावीचे मार्क सासरच्या नावावर लावणं. तरी ही पद्धत सर्रास वापरली जाते, कारण संकेतस्थळावर आजचे सोळा संघ निवडून बटण दाबलं की सगळे जुने सामने आपोआप येतात. तुमच्या रूममेटांपैकी एकाने बहुधा तेच केलं असणार.

दुसरं कारण अधिक चमत्कारिक आहे. जमा आणि नावे जुळतच नाहीत. ४ जानेवारी २०११ ला न्यू ऑर्लिन्समध्ये शुगर बाऊल झाली, ओहायो स्टेट ३१, आर्कान्सा २६. बाऊलमध्ये ओहायो स्टेटने तोवर एसईसीच्या एकाही संघाला हरवलं नव्हतं, त्यामुळे ओहायो स्टेटच्या गावी, कोलंबसमध्ये, दिवाळी. पण टेरेल प्रायरसह काही खेळाडूंनी आपल्या वस्तू देऊन टॅटू आणि पैसे घेतल्याचं प्रकरण निघालं होतं, आणि पुढे शिक्षा म्हणून २०१० च्या हंगामातले सगळे विजय रद्द झाले. आता नीट बघा. विजय रद्द होणं म्हणजे समोरच्याला बहाल होणं नव्हे. ओहायो स्टेटच्या खात्यातून विजय गेला, पण आर्कान्साच्या खात्यातला पराभव तसाच राहिला. म्हणजे बिग टेनच्या वह्या घेऊन बेरीज केली तर एक उत्तर, एसईसीच्या वह्या घेऊन केली तर दुसरं. आमच्याकडे कोणत्याही मुनिमाने असा ताळेबंद दाखवला असता तर शेठने त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं.

पेन स्टेटचं तर याहून पुढचं. जुलै २०१२ मध्ये त्यांचे १९९८ ते २०११ मधले ११२ विजय रद्द झाले, आणि जानेवारी २०१५ मध्ये ते परत मिळाले. त्यात एसईसीविरुद्धच्या तीन बाऊल होत्या: १९९९ च्या जानेवारीत केंटकीला २६-१४, २००७ मध्ये टेनेसीला २०-१०, २०१० मध्ये एलएसयूला (लुईझियाना स्टेट) १९-१७. कुणी २०१३ साली हिशोब काढून ठेवला असेल आणि कुणी २०१६ साली, तर मैदानावर एकही चेंडू न पडता तीन विजयांचा फरक.

आणि या दोन्ही गोंधळांची गाठ यूएससीपाशी बसते. रेगी बुश या खेळाडूने नियमबाह्य फायदे घेतल्याच्या प्रकरणात त्यांचे डिसेंबर २००४ पासूनचे आणि २००५ च्या हंगामातले विजय रद्द झाले. त्यात ४ जानेवारी २००५ ची ऑरेंज बाऊल होती, यूएससी ५५, ओक्लाहोमा १९. पण पराभव रद्द होत नाहीत! त्यामुळे २००५ च्या हंगामातलं यूएससीचं अधिकृत रेकॉर्ड आहे ०-१. बारा विजय पुसले गेले आणि टेक्ससकडून झालेली ती एक हार तेवढी उरली. आता आजची यादी आणि अधिकृत नोंदी दोन्ही एकत्र लावा: ओक्लाहोमाचा धुव्वा उडवणारा 'बिग टेन'चा विजय गायब, टेक्ससकडून झालेली 'बिग टेन'ची हार कायम. मी माझ्या शीटमध्ये मैदानावरचा निकालच धरतो आणि शेजारच्या रकान्यात 'रद्द' लिहितो. शिक्षा विद्यापीठाला होती. कोणता संघ किती ताकदीचा होता, हे त्या शिक्षेने बदलत नाही.

एवढं ठरल्यावर मोजायला घ्यायचं. मी एकच हंगाम उघडून दाखवतो, २०२४ चा. माझ्या मते यापेक्षा चांगला धडा दुसऱ्या कोणत्याही वर्षात नाही. त्या हंगामात या दोन कॉन्फरन्स दहा वेळा समोरासमोर आल्या.

नियमित हंगामात चार सामने. यूएससीने लास व्हेगासमध्ये एलएसयूला २७-२० हरवलं. टेक्ससने मिशिगनच्या घरी जाऊन ३१-१२. अलाबामाने विस्कॉन्सिनच्या घरी जाऊन ४२-१०. एलएसयूने आपल्या घरी यूसीएलएला ३४-१७. म्हणजे सप्टेंबरअखेर एसईसी ३, बिग टेन १. हंगामानंतर सहा सामने. मिसुरीने आयोवाला २७-२४ हरवलं, ही एसईसीची एकमेव कमाई. बाकी मिशिगनने अलाबामाला १९-१३, इलिनॉयने साउथ कॅरोलिनाला २१-१७, यूएससीने टेक्सस ए अँड एमला ३५-३१, आणि प्लेऑफमध्ये ओहायो स्टेटने टेनेसीला ४२-१७ आणि टेक्ससला २८-१४. एकूण बिग टेन ६, एसईसी ४. ओहायो स्टेट पुढे विजेताही झाला. माझ्या ओळखीतल्या बिग टेनवाल्यांनी तो ६-४ कपाळावर गोंदवून घ्यायचा तेवढा बाकी ठेवला होता.

आता त्याच दहा ओळी उलटसुलट करून बघू. गुणांची बेरीज करा: बिग टेन २३५, एसईसी २४६. सहा सामने जिंकूनही बिग टेन अकरा गुणांनी मागे! आठ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाचे सामने वेगळे काढा, म्हणजे एका टचडाउनने आणि त्यावरच्या दोन गुणांनी जे फिरले असते ते. असे पाच निघतात. त्यात बिग टेन ४-१. उरलेल्या पाच मोठ्या फरकाच्या सामन्यांत एसईसी ३-२. चुरशीचे सामने जिंकायला धैर्य लागतं असं टीव्हीवर सांगतात. माझ्या शीटला मात्र वर्षानुवर्षं एकच दिसलंय, की चुरशीच्या सामन्यांतला वरचष्मा पुढच्या वर्षी टिकत नाही, आणि मोठ्या फरकाचा बऱ्यापैकी टिकतो. फक्त स्कोअर बघून कोण बलवान ते सांगायचं असतं, तर त्या वर्षापुरतं मी 'जवळजवळ बरोबरी' म्हटलं असतं.

पण फरकाचा आकडाही आंधळेपणाने घेऊ नका. टेक्सस-ओहायो स्टेट २८-१४ असा दिसतो, चौदा गुणांचा. प्रत्यक्षात शेवटच्या काही मिनिटांत स्कोअर २१-१४ होता आणि टेक्सस गोलरेषेपासून एका यार्डावर उभा होता. एक डाव सात यार्ड मागे गेला. चौथ्या, म्हणजे शेवटच्या प्रयत्नात, आठ यार्डांवरून, ओहायो स्टेटच्या जॅक सॉयरने टेक्ससचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) क्विन एवर्सच्या हातातून चेंडू उडवला, स्वतःच उचलला आणि ८३ यार्ड पळत सुटला. तिकडे टचडाउन झालं असतं तर बरोबरी होती. इकडे झालं म्हणून 'चौदा गुणांनी आरामात'. (हाच एवर्स आधी ओहायो स्टेटमध्येच होता. आता खेळाडूही कॉन्फरन्स बदलतात, त्याचा रकाना घालायची हिंमत अजून झालेली नाही.)

पुढची चाळणी सभासद यादीची. त्या दहापैकी पाच सामन्यांत यूएससी, यूसीएलए किंवा टेक्सस होते, म्हणजे त्याच वर्षी घर बदललेले संघ. ते बाजूला ठेवले तर जुन्या सभासदांमधला हिशोब उरतो बिग टेन ३, एसईसी २. ओहायो स्टेट हा एकच संघ काढला तर ४-४. एक संघ काढून बघण्याची ही सवय लावून घ्या, फार उपयोगी पडते. 'अमुक कॉन्फरन्स भारी' या वाक्यात बरेचदा 'अमुक कॉन्फरन्समधला एक संघ भारी' एवढंच असतं. एसईसीच्या बाबतीत कित्येक वर्षं तो एक संघ अलाबामा होता.

आणि शेवटी नाणं. दहा वेळा नाणं उडवलं तर एका ठरलेल्या बाजूला सहा किंवा जास्त पडण्याची शक्यता ३८ टक्के आहे. 'कुणा तरी एकाकडे' सहा किंवा जास्त, हे तर चारपैकी तीन वेळा होतं. म्हणजे दोन्ही कॉन्फरन्स तंतोतंत समान असत्या तरी चारपैकी तीन वर्षं कुणी ना कुणी ६-४ किंवा त्याहून मोठ्या फरकाने पुढे असतं आणि त्यावर वर्षभर बोलतं. मी एक गावठी उपाय करतो. कुठल्याही रेकॉर्डमध्ये दोन्ही बाजूंना दहा-दहा सामने फुकटचे घालतो. ६-४ चं होतं १६-१४, म्हणजे ५३ टक्के. ६०-४० चं होतं ७०-५०, म्हणजे ५८ टक्के. थोड्या सामन्यांची फुशारकी आपोआप बसते आणि भरपूर सामन्यांचं रेकॉर्ड फारसं हलत नाही. ऑफिसात यालाच मोठं नाव देऊन करतो.

हे सगळं माहीत असूनही मी त्या वर्षीच्या बाऊलना थोडं जास्त वजन देतो. का, ते बाऊलची रचना कळल्याशिवाय पटणार नाही, म्हणून थोडा फेरफटका.

बाऊलच्या जोड्या लावताना ठरलेलं असतं: या बाऊलला या कॉन्फरन्सचा अमुक नंबर, त्या कॉन्फरन्सचा तमुक. पण वरचे संघ प्लेऑफला गेले की खालचे सगळे एकेक पायरी वर ढकलले जातात. गाडीत पुढचे उतरले की मागचे पुढे सरकतात, तसं. ज्या कॉन्फरन्सचे जास्त संघ प्लेऑफला जातात, तिचे उरलेले संघ आपल्यापेक्षा वरच्या प्रतिस्पर्ध्यासमोर येतात, म्हणजे यशाचीच शिक्षा. २०२४ मध्ये बारा संघांच्या प्लेऑफला बिग टेनचे चार गेले, एसईसीचे तीन. त्यामुळे टँपात ७-५ (सात विजय, पाच पराभव) मिशिगनसमोर ९-३ अलाबामा आला, लास व्हेगासमध्ये ६-६ यूएससीसमोर ८-४ टेक्सस ए अँड एम. प्लेऑफबाहेरच्या त्या चार बाऊलमध्ये कागदावर एसईसीचा संघ एकदाही कमी नव्हता, आणि बिग टेनने तीन जिंकल्या. मिशिगनकडून मेसन ग्रॅहम, केनेथ ग्रँट आणि कोलस्टन लव्हलंड खेळले नव्हते. हे तिघेही चार महिन्यांनी एनएफएल ड्राफ्टच्या, म्हणजे व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीच्या, पहिल्या फेरीत निवडले गेले. हे अपेक्षेपेक्षा जास्त आहे, आणि मला आमनेसामनेच्या रेकॉर्डमध्ये तेच शोधायचं असतं: जिंकले किती यापेक्षा, जिंकायला हवे होते त्याच्यापेक्षा किती जास्त. त्यासाठी सामन्याआधीचा बेटिंगचा फरक, ज्याला तिथे स्प्रेड म्हणतात, तो लिहून ठेवावा. जुगारासाठी नव्हे. सामन्याआधी जगाला काय वाटत होतं, याची त्यापेक्षा प्रामाणिक नोंद मिळत नाही.

खेळाडू न उतरण्याची प्रथा २०१६ पासून वाढली. त्या डिसेंबरात स्टॅनफर्डचा क्रिश्चन मॅककॅफ्री आणि एलएसयूचा लिओनार्ड फोर्नेट यांनी बाऊल सोडून एनएफएलची तयारी धरली, आणि मग ते रूढच झालं. त्याचं टोक बघायचं तर ३० डिसेंबर २०२३ ची ऑरेंज बाऊल बघा. फ्लोरिडा स्टेट १३-० असूनही प्लेऑफमधून वगळला गेला होता. वैतागलेल्या संघातले वीसहून अधिक खेळाडू उतरलेच नाहीत आणि जॉर्जियाने ६३-३ ने चिरडलं. एसईसी विरुद्ध एसीसी (फ्लोरिडा स्टेटची कॉन्फरन्स) यांच्या वहीत हा 'एक विजय' आहे, आणि गुणांची सरासरी काढणाऱ्याच्या वहीत साठ गुणांचं भूत. त्याच्या आदल्या हंगामातली सिट्रस बाऊल घ्या, एलएसयू ६३, पर्ड्यू ७. पर्ड्यूचा मुख्य प्रशिक्षक दुसरीकडे निघून गेला होता, क्वार्टरबॅक उतरला नव्हता. अशा सामन्यांसाठी मी फरक २४ गुणांवर कापतो. २४ च का, असं विचारलंत तर उत्तर नाही. कुठेतरी कापावं लागतं, आणि ते हंगाम सुरू होण्याआधी ठरवावं लागतं.

भूगोलाचं तर बोलायलाच नको. एसईसी-बिग टेनच्या नेहमीच्या बाऊल ऑर्लँडो, टँपा, नॅशव्हिल इथे होतात. कागदावर मैदान 'न्यूट्रल'. फ्लोरिडाच्या विद्यापीठापासून टँपा दोन तासांवर आहे, मिशिगनवाला विमानाने येतो. घरच्या मैदानाला साधारण अडीच-तीन गुणांचा फायदा धरतात. मी या बाऊलसाठी एसईसीला एक गुण धरतो, जास्त नाही, कारण डिसेंबरात फ्लोरिडात यायला मिडवेस्टातले प्रेक्षक अर्ध्या पायावर तयार असतात. उलटा प्रयोग जवळजवळ कधी झालाच नव्हता. २०-२१ डिसेंबर २०२४ ला प्लेऑफची पहिली फेरी पहिल्यांदाच कॉलेजांच्या मैदानांवर झाली, आणि टेनेसीला कोलंबसच्या थंडीत यावं लागलं. ४२-१७. एका सामन्यावरून सिद्धांत मांडू नये हे मीच वर सांगितलंय, पण बघताना बरं वाटलं, हेही खरंच.

जुन्या बाऊलच्या याद्यांत आणखी एक खड्डा आहे. १९७५ च्या हंगामाआधी बिग टेनचा फक्त एकच संघ बाऊलला जाऊ शके, तोही रोझ बाऊललाच, पश्चिम किनाऱ्याच्या संघाशी खेळायला. १९७३ साली मिशिगन १०-०-१ होता, म्हणजे दहा विजय, शून्य पराभव, एक बरोबरी. ओहायो स्टेटशी १०-१० बरोबरी झाली, कॉन्फरन्सने मतदान करून ओहायो स्टेटला पाठवलं आणि मिशिगन एकही सामना न हरता घरी बसला. तेव्हा 'सर्वकालीन बाऊल रेकॉर्ड' म्हणून जो आकडा फिरतो, त्यात त्या काळातले बिग टेनचे कित्येक चांगले संघ एसईसीसमोर कधी आलेलेच नाहीत. १९९६ पासून बरोबरी सुटेपर्यंत ओव्हरटाइम खेळतात. त्याआधीच्या बरोबऱ्या अर्धा-अर्धा धरा आणि पुढे चला.

विजेतेपदांचं काय? एसईसीवाला लगेच २००६ ते २०१२ ची सलग सात काढेल. बरोबर आहे, सात आहेत. पण ते आमनेसामने नव्हे. त्या सात अंतिम सामन्यांत बिग टेन फक्त दोनदा होती, दोन्ही वेळा ओहायो स्टेट: फ्लोरिडाकडून ४१-१४, एलएसयूकडून ३८-२४. एकाच संघाच्या या दोन पराभवांवर 'दक्षिणेचा वेग मिडवेस्टाला झेपत नाही' हे वाक्य उभं राहिलं आणि पुढची पंधरा वर्षं जगलं. एलएसयूच्या त्या विजयाच्या सहाच दिवस आधी, १ जानेवारी २००८ ला, मिशिगनने ऑर्लँडोत टिम टीबोच्या फ्लोरिडाला ४१-३५ हरवलं होतं. आणि हाच मिशिगन चार महिन्यांपूर्वी आपल्याच घरी खालच्या श्रेणीतल्या अॅपलाचियन स्टेटकडून ३२-३४ हरला होता. 'अ ने ब ला हरवलं, ब ने क ला' अशी साखळी लावून कुणी कॉन्फरन्सची तुलना करू लागला, की मी त्याला हा एक हंगाम दाखवतो.

नियमित हंगामातलं एकूण गटाबाहेरचं रेकॉर्ड, म्हणजे 'आमची कॉन्फरन्स बाहेरच्यांविरुद्ध इतके जिंकली', हे मला सगळ्यात कमी उपयोगाचं वाटतं. गटातल्या गटात जेवढे विजय तेवढेच पराभव, म्हणून फरक सगळा बाहेरच्या सामन्यांत पडतो, आणि बाहेरचा प्रतिस्पर्धी बरेचदा पैसे देऊन बोलावलेला दुबळा संघ असतो. बिग टेन २०१६ पासून गटात नऊ सामने खेळते, एसईसी २०२५ पर्यंत आठच खेळली. म्हणजे एसईसीच्या दर संघामागे बाहेरचा एक सामना जास्त, आणि त्यात बहुतेकदा सोपा विजय. २०२० साली कोविडमुळे दोन्ही कॉन्फरन्स नियमित हंगामात फक्त आपापसात खेळल्या. त्या वर्षाच्या ओळी मी राखाडी ठेवल्यात.

तुलनाच करायची तर सगळ्यात स्वच्छ नमुना एसईसी आणि एसीसीत सापडतो. नोव्हेंबरच्या शेवटी दरवर्षी त्याच चार जोड्या: क्लेमसन-साउथ कॅरोलिना, जॉर्जिया-जॉर्जिया टेक, फ्लोरिडा-फ्लोरिडा स्टेट, आणि २०१४ पासून लुईव्हिल-केंटकी. जोड्या कुणी क्रमवारी बघून लावलेल्या नसतात, घर आलटून-पालटून असतं, खेळाडू गैरहजर राहत नाहीत. त्यातही २०२४ चा जॉर्जिया-जॉर्जिया टेक सामना आठ ओव्हरटाइमनंतर ४४-४२ सुटला, आणि वहीत त्याची नोंद 'एसईसी १' एवढीच. तुम्ही अटलांटात आहात, टेकचं मैदान शहराच्या मधोमध आहे. एकदा जाऊन या.

आता तुमच्या घराबद्दल. ऑगस्टमध्ये, पहिला सामना व्हायच्या आधी, तिघांनी मिळून फ्रिजवर एक कागद लावा: सभासद यादी त्या दिवसाची, निकाल मैदानावरचा, फरक किती गुणांवर कापायचा तो आकडा, आणि प्रत्येक सामन्याआधीचा स्प्रेड. नंतर कागदाला हात लावायचा नाही. ओहायोवाला पहिल्याच संध्याकाळी २०११ ची शुगर बाऊल मागेल. देऊन टाका, मैदानावर ते जिंकलेच होते. पण मग २००५ ची ऑरेंज बाऊल त्याने बिग टेनच्या खात्यात ओढायला सुरुवात केली, तर त्याला शांतपणे विचारा, त्या रात्री यूएससी कोणत्या कॉन्फरन्सचं होतं म्हणून.